खडखडतंय... पण चालतंय!

गेले कित्येक दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. घरच्यांचं "आता सायकलच्या नटबोल्टांवरही निबंध लिहिणार का?" हेही म्हणून झालं. हो, लिहिणार. कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नात्यात, मित्रांकडे, जिथे जातो तिथे एखादी तरी सायकल अशी भेटतेच, जिचं हॅन्डल ढिलं असतं. गंमत म्हणजे मालकाला ते ठाऊक असतं. गतिरोधकावरून जाताना पुढून 'खट्' असा आवाज येतो, तो त्याला रोज ऐकू येतो. आपण काही बोलायला जावं, तर उत्तर तयार असतं : "अहो, खडखडतंय, पण चालतंय की!"

मंडळी, मला या 'चालतंय की' बद्दल भांडायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटले. हॅन्डल ढिलं असलेली सायकल चालवणं म्हणजे पुढचा ब्रेक घरी ठेवून रस्त्यावर उतरणं. स्वतः कुणी तसं करत असेल तर त्याच्या नशिबाला मी काय करणार? पण तीच सायकल शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात देणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

आता ढिलं म्हणजे नक्की काय, ते बघू. सायकलच्या सांगाड्याला अगदी पुढे एक आखूड उभी नळी असते. पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याची दांडी (काहीजण फोर्क म्हणतात) या नळीतून वर येते आणि तिच्यावर हॅन्डल बसतं. दांडी नळीत सहज फिरावी म्हणून नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक वाटी असते, वाटीत छर्रे आणि ग्रीस. या वाट्या, छर्रे, कोन आणि वरचे नट मिळून जो संच होतो त्याला हल्ली हेडसेट म्हणतात. हेडसेट म्हटलं की आमच्या घरातल्या पोरांना कानात घालायचं यंत्र आठवतं, तो भाग वेगळा. मोटारसायकलवाल्यांना 'कोनसेट' म्हटलं की चटकन कळेल. हा त्याचाच धाकटा भाऊ.

हा संच इतकाच घट्ट हवा की दांडी बोटाने फिरेल, पण पुढेमागे किंवा वरखाली केसभरही हलणार नाही. ती हलायला लागली की झालं हॅन्डल ढिलं.

लोक चेनला तेल घालतात, टायरमध्ये हवा भरतात, सीटला जेलचं कव्हर घालतात. या नळीकडे मात्र कुणी बघत नाही. खरं तर सायकल सायकल झाली ती या सांध्यामुळे. १८१७ साली जर्मनीत मानहाइम गावी कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांचं लाकडी वाहन रस्त्यावर आणलं. त्याला पॅडल नव्हतं, चेन नव्हती, रबरी टायरही नव्हते. जमिनीला पाय मारत पळायचं. पण पुढचं चाक डावी-उजवीकडे वळत होतं. दोन चाकं एकामागे एक लावलेली वस्तू न पडता पुढे जाऊ शकते, ती तिचं पुढचं चाक वळतं म्हणून. पॅडल आलं त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी.

"चाकं गरगर फिरतात, त्यामुळे सायकल पडत नाही" असं आपण सगळेच शाळेत ऐकून आलो. ते अर्धंच खरं आहे. २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या संशोधकांनी एक अजब सायकल बनवली. तिच्यात फिरत्या चाकांचा तो परिणाम उलट फिरणाऱ्या जादा चाकांनी पुसून टाकला होता. आणखीही एक गोष्ट, जिच्यामुळे सायकल स्थिर राहते असं मानलं जायचं, ती काढून टाकली होती. तरी ती ढकलून सोडली की स्वतःच्या तोलावर चालायची. कारण ती ज्या बाजूला कलायची, त्याच बाजूला तिचं पुढचं चाक आपोआप वळायचं. आपणही सायकलवर बसलो की नकळत हेच करत असतो. डावीकडे कललो, हॅन्डल किंचित डावीकडे. उजवीकडे कललो, किंचित उजवीकडे. मिनिटाला कितीतरी वेळा. आपला सगळा तोल त्या दोन वाट्यांमधल्या छर्‍यांवर चाललेला असतो. आणि आपण म्हणतो, "थोडं हलतंय, त्यात काय एवढं!"

बरं, हॅन्डल ढिलं झालं की सायकल लगेच मोडून पडते का? नाही. उगाच घाबरवण्यात मला रस नाही. ढिल्या हॅन्डलवर लोक महिनोनमहिने फिरतात, हे मीही बघतो. आणि म्हणूनच ही भानगड वाईट आहे. पंक्चर झालं तर सायकल तिथेच बसते, निमूटपणे दुरुस्त करावंच लागतं. ढिलं हॅन्डल तसं अडून बसत नाही. ते हळूहळू तुमच्या सवयी बदलतं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

याचं उदाहरण मला घरातच मिळालं. माझी भाची आठवीत आहे, क्लासला सायकलने जाते. एकदा तिच्याकडे गेलो असताना तिची सायकल सहज हातात घेतली. पुढचा ब्रेक दाबून सायकल जरा पुढे ढकलली, तर वरची नळी आणि हॅन्डल यांच्यात चांगलंच खट् खट् झालं. तिला विचारलं, "हे किती दिवस असं आहे गं?" ती म्हणाली, "खूप दिवस झाले, मामा. पुढचा ब्रेक दाबला की हॅन्डल थडथड करतं, मला भीती वाटते. म्हणून मी तो दाबतच नाही. मागचाच मारते."

भाऊजी शेजारीच उभे होते. म्हणाले, "बघ, कशी हुशार आहे! बरोबर मागचाच ब्रेक मारते. पुढचा मारला की माणूस उलटा पडतो."

भाऊजी, हे तुम्ही वाचणार आहात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो ना, तसंच. सायकलचं पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं चाक रस्ता धरत नाही, घसरतं. त्यामुळे सुक्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. पुढच्या ब्रेकने नीट, हळूहळू दाब वाढवत थांबलं, तर वेग जितका भरभर कमी करता येतो, त्याच्या साधारण निम्माच नुसत्या मागच्या ब्रेकने होतो. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल पुढच्या ब्रेकने ३ मीटरच्या आसपास थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकने तिला ६ मीटर लागतात. आपल्याला समोरचं दिसून बोटं दाबेपर्यंत जी ५-६ मीटर सायकल पुढे गेलेली असते, ती वेगळीच.

तीन मीटर म्हणजे किती? उभ्या असलेल्या कारचं दार अचानक उघडतं, तेव्हा त्या दारात आणि आपल्यात जेवढं अंतर उरतं, साधारण तेवढं. रिक्षा मध्येच वळते तेव्हाही तेवढंच. माझ्या भाचीकडे हे तीन मीटर नव्हते. ते कुणी चोरले? त्या ढिल्या कोनसेटने. ब्रेक उत्तम होता, रबरं नवी होती, वायर ताणलेली होती. पण दाबला की हॅन्डल हादरतं म्हणून पोरीने तो वापरणंच सोडलं होतं. आणि घरात सगळे तिच्या हुशारीचं कौतुक करत होते.

पुढचा ब्रेक मारल्यावर माणूस उलटा पडतो, तो बहुधा अंगाचा भार पुढे जाऊ दिल्यामुळे आणि ब्रेक एकदम करकचून दाबल्यामुळे. हात ताठ ठेवून, मागे सरकून, दाब वाढवत नेला की तसं होत नाही. हे शिकवावं लागतं. पण ज्या सायकलचा चिमटा ब्रेक दाबल्यावर पुढेमागे नाचतो, तिच्यावर हे शिकणार तरी कसं?

आता दुसरी बाजू, सायकलची. खालच्या वाटीवर रस्त्याचा सगळा मार येतो. संच घट्ट असतो तेव्हा हा मार सगळ्या छर्‍यांवर वाटला जातो. ढिला झाला की खड्ड्यागणिक छर्रे वाटीवर हातोडीसारखे आपटतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर खड्डे, पेव्हर ब्लॉक, ओळीने घातलेले पांढरे पट्टे, हातोड्यांना तोटा नाही. हळूहळू वाटीत खळगे पडतात. मग छर्रे त्या खळग्यात बसायला लागतात आणि हॅन्डल बरोबर सरळ रेषेत आलं की अडकतं. तोल सांभाळायला जी बारीक वळणं लागतात, तीच नेमकी देता येत नाहीत. सायकल हट्टी बैलासारखी वाटायला लागते आणि माणूस म्हणतो, "माझंच वय झालं बहुतेक." त्याहून जास्त दिवस काढले, तर वाट्या सांगाड्याच्या नळीतच सैल होतात. मग नवीन संच आणूनही उपयोग नाही, नळीच गेलेली असते. पन्नास-शंभर रुपयांचं काम सांगाड्यावर येतं, ते असं.

नव्या पद्धतीच्या सायकलींची आणखी एक गोष्ट. त्यांच्या दांडीवर आटे नसतात. हॅन्डल धरणारा स्टेम दोन आडव्या बोल्टांनी दांडीला आवळलेला असतो. वरच्या टोपीतला बोल्ट फक्त संचातली ढिलाई काढण्यापुरता. अशा सायकलचं हॅन्डल खडखडायला लागलं, तर पुष्कळदा त्याचा अर्थ ते आडवे बोल्टच सैल पडलेत असा असतो. म्हणजे उद्या तुम्ही हॅन्डल डावीकडे वळवाल आणि चाक सरळच जाईल! सिंहगडावरून उतरताना वळणावर हे झालं, तर पुढचं मी सांगायला नको. अशा सायकलवर 'घरापर्यंत तरी जातो' हेही चालणार नाही. उतरायचं आणि हातात धरून चालायचं.

उतारावरून आठवलं. वेगात कधीकधी हॅन्डल आपोआप थरथरायला लागतं. त्याचा सगळा दोष लोक ढिल्या हेडसेटला देतात. ते बरोबर नाही. हेडसेट अगदी ठीक असलेल्या सायकलीही वेगात थरथरतात, त्याला सांगाडा, वजन, बसण्याची पद्धत अशी बरीच कारणं असतात. अशा वेळी आडवी नळी गुडघ्यांत धरावी आणि हळूहळू वेग कमी करावा. पण वेग कमी करायचा कशाने? ब्रेकनेच ना? फिरून आपण त्याच ढिल्या हॅन्डलपाशी येतो.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे घेऊ.

पहिला मुद्दा ज्येष्ठांचा : "आमच्या काळी सगळ्याच सायकली खडखडायच्या. पुण्यात सगळा जन्म सायकलवर काढला, आम्हाला कुठे काय झालं?" काका, आदर ठेवून सांगतो, तुम्ही एक गोष्ट विसरताय. तुमच्या सायकलचा मडगार्ड खडखडायचा, चेनकव्हर वाजायचं. हॅन्डल तुम्ही ढिलं ठेवत नव्हता. कारण तुम्ही वर्षातून एकदा सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला टाकत होता! ओव्हरहॉलिंगचं ते आपलं मराठी रूप. दुकानदार सायकल पूर्ण खोलायचा, सगळे सांधे रॉकेलमध्ये धुवायचा, झिजलेले छर्रे बदलायचा, नवीन ग्रीस भरून परत जोडायचा. दोन दिवस सायकल नसायची म्हणून घरात चिडचिड व्हायची. त्या खडखडाटाची आठवण तुम्ही नातवंडांना दिलीत, पण ओव्हरऑइलिंगची दिली नाहीत. शिवाय तेव्हाच्या लक्ष्मी रोडवर आणि आजच्या लक्ष्मी रोडवर थोडा फरक पडलाय.

दुसरा मुद्दा उत्साही मंडळींचा : "ढिलं आहे ना? दे, आवळून टाकतो!" हे तर त्याहून धोक्याचं. हातोडी आणि पेचकस घेऊन वरचा नट ठोकून ठोकून असा आवळतात की हॅन्डल वळवायला जोर लागतो. खडखड बंद होते, सगळे खूश. पण घट्ट झालेल्या हॅन्डलला ती बारीक वळणं देता येत नाहीत आणि सायकल नागमोडी जायला लागते. जुन्या पद्धतीच्या संचात आधी वरची वाटी हाताने बेताची बसवायची आणि मग ती धरून वरचा नट आवळायचा, असे दोन पाने लागतात. नव्या पद्धतीत आधी आडवे बोल्ट सैल करायचे, वरच्या टोपीचा बोल्ट ढिलाई जाईपर्यंतच फिरवायचा, हॅन्डल चाकाशी काटकोनात करायचं आणि शेवटी आडवे बोल्ट आवळायचे. आडवे बोल्ट सैल न करता नुसती टोपी पिळत बसलात, तर ढिलाई जात नाही, टोपीचे आटे मात्र जातात. जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला द्या, त्यात कमीपणा कसला?

तिसरा मुद्दा : "नवी कोरी सायकल आहे, तिला काय धाड भरलीय?" हा मुद्दा मला सगळ्यात जास्त चीड आणतो. हल्ली सायकल खोक्यातून घरी येते. खोक्यावर किंवा जाहिरातीत लिहिलेलं असतं, पंच्याऐंशी टक्के जोडलेली. वा! आणि उरलेले पंधरा टक्के कुठले? हॅन्डल, पुढचं चाक, पॅडल, सीट. म्हणजे ज्याच्यावर जीव अवलंबून आहे नेमकं तेच, आणि ते जोडणार कोण? तर खोक्यातल्या पत्र्याच्या पान्याने सोसायटीचा वॉचमन, नाहीतर रविवारी दुपारी बाबा. भाचीची सायकल अशीच जोडली गेली होती. त्यातून नव्या संचाच्या वाट्या पहिल्या काही आठवड्यांत नीट बसतात, त्यामुळे बरोबर जोडलेली सायकलही महिन्याभराने एकदा बघावी लागते. मोटारसायकल विकणारा पहिल्या सर्व्हिसिंगला बोलावतो. सायकल विकणारा 'धन्यवाद, पाच तारे द्या' म्हणतो!

आणि ज्यांच्या सायकलवर पूर्ण शिक्षण उभं आहे त्यांचं काय? मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. फार चांगली गोष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. पण कच्च्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या त्या सायकलचे छर्रे वर्षाने कोण बघतं? ज्या शाळेत पन्नास मुली सायकलने येतात तिथे दोन पाने, एक ग्रीसचा डबा आणि ते वापरायला शिकवणारा एक माणूस ठेवायला कितीसा खर्च येईल? कवायतीच्या तासाला एकदा मुलींनाच ही तपासणी शिकवली, तर त्या आयुष्यभर स्वतःची सायकल बघतील. देणगी म्हणून सायकली देणाऱ्या मंडळांनाही माझं हेच सांगणं आहे. फोटो एकदाच निघतो, सायकल रोज चालते.

तपासणी अगदी सोपी आहे, एक मिनिटाची. सायकलशेजारी उभं राहा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि सायकल पुढेमागे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं खालच्या वाटीच्या जोडावर ठेवा. तिथे बोटांना हालचाल कळली तर संच ढिला आहे. कधी ब्रेकचे हातच हलत असतात आणि आपल्याला संच हलल्यासारखं वाटतं, म्हणून हॅन्डल काटकोनात वळवून परत एकदा हलवून बघा. पुढचं चाक हाताने डावी-उजवीकडे हलवलं आणि ते चिमट्यात हललं, तर दोष चाकाच्या आसातला, तोही काढून घ्या. मग पुढचं चाक दोन-तीन इंच उचलून सोडा. टायरचा आवाज आला तर ठीक, वरून खणखणाट आला तर नाही. शेवटी चाक उचलून धरा आणि हॅन्डल सोडून द्या. ते सहज एका बाजूला पडलं पाहिजे, मध्ये अडकता कामा नये. अडकलं तर वाट्यांत खळगे पडलेत, आता आवळून भागणार नाही, संच बदला.

बस्स, एवढंच. हे न करण्याचं एकही सबळ कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. वेळ नाही म्हणावं तर एक मिनिट. पैसे नाहीत म्हणावं तर सिनेमाच्या मध्यंतरातल्या पॉपकॉर्नला याहून जास्त जातात. उरतं ते एकच, 'चालतंय की'. हे दोन शब्द आपण गळक्या नळासाठी वापरावेत, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीसाठी वापरावेत, माझी काही हरकत नाही. ज्या वस्तूवर आपलं पोर रस्त्यात दोन चाकांवर तोल सांभाळतंय, तिच्यासाठी ते वापरायचा आपल्याला हक्क नाही.

भाचीच्या सायकलचा संच दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने खोलून, नवे छर्रे घालून बसवून दिला. आता पुढचा ब्रेक कसा दाबायचा हे ती मोकळ्या मैदानात शिकतेय. सुरुवातीला घाबरत होती, आता बऱ्यापैकी जमतंय.

आणि नातेवाईक मंडळींनो, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. गणपतीत मी सगळ्यांकडे येणार आहे. आरतीच्या आधी पार्किंगमध्ये जाऊन प्रत्येक सायकलचा पुढचा ब्रेक दाबून ती हलवून बघणार आहे. जिथे खट् झालं, तिथे मोदक नंतर, पाना आधी!